बागेची नोंद चालते, ताटाची का चालत नाही?

नाशिक जिल्ह्यातल्या ओझरच्या पंचक्रोशीत निर्यातीची द्राक्षे काढणाऱ्या कुठल्याही बागाईतदाराला विचारून पाहा. प्लॉटचा नोंदणी क्रमांक तो तोंडपाठ सांगेल. कोणत्या तारखेला कोणते औषध फवारले, किती प्रमाणात फवारले, काढणीआधी किती दिवस थांबलो, पानांचा आणि मण्यांचा नमुना कोणत्या प्रयोगशाळेत गेला, हे सगळे त्याच्या वहीत सापडेल. ही शिस्त आपोआप आली नाही. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि बाजार हातचा जातो की काय अशी वेळ आली. त्यानंतर २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही माग काढण्याची व्यवस्था उभी केली. तेव्हापासून परदेशी बंदरात उतरलेल्या पेटीवरच्या क्रमांकावरून माल निफाड तालुक्यातल्या कोणत्या बागेतून आला हे काढता येते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या, म्हणजे आपले शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्या संजीवकाच्या अंशांवरून युरोपने पुन्हा माल अडवला. बागाईतदारांना मोठा फटका बसला, पण नोंद ठेवू नये असे कुणी म्हटले नाही. उलट नोंद आणखी काटेकोर झाली.

म्हणजे युरोपातल्या कुटुंबाच्या पोटात काय जाते हे कळावे म्हणून आपण आपल्या बागेची सगळी माहिती सीमेपलीकडे देतो, आणि ते योग्यच आहे. मग ओझरच्या, सुकेण्याच्या, पिंपळगावच्या घरांत काय खाल्ले जाते, कोणती गोळी किती महिने घेतली जाते, हे कळावे म्हणून दुकानांतल्या नोंदी अभ्यासायचे म्हटले की एवढा विरोध का होतो?

हा विरोध मी गेले काही दिवस ऐकतो आहे आणि तो अडाणी माणसांचा नाही. शिकलेली, सार्वजनिक कामात असलेली, माझ्या आदरातली माणसे तो करतात. ग्राहकांच्या खरेदीच्या नोंदी आरोग्य संशोधनासाठी वापरण्याचे काम आज अनेक देशांत चालू आहे. त्यात भारतातल्या संस्थांनी भागीदार व्हावे का, या प्रश्नावर ही मंडळी ठामपणे ‘नाही’ म्हणतात. त्यांची कारणे चार आहेत. आपल्याकडे अशा नोंदीच नाहीत. असल्या तरी खरेदी म्हणजे खाणे नव्हे. परदेशी सहकार्य म्हणजे माहितीची लूट. आणि घरात काय आणले हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे. चारही मुद्दे गंभीर आहेत, म्हणून त्यांना गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे.

आधी हे संशोधन करते काय ते पाहू. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २७३ स्त्रियांच्या खरेदीचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या १५३ जणींना अंडाशयाचा कर्करोग झालेला होता, १२० जणींना नव्हता. दोन मोठ्या दुकानसाखळ्यांच्या कार्डांवरच्या नोंदी या स्त्रियांनी स्वतः संमती देऊन खुल्या केल्या होत्या. त्यांत असे दिसले की ज्यांना पुढे कर्करोग निघाला, त्यांची वेदनाशामक आणि अपचनाच्या औषधांची खरेदी निदानाच्या आठ महिने आधीपासूनच वाढलेली होती. म्हणजे शरीर बोलत होते आणि ते बिलावर उमटत होते. डॉक्टरपर्यंत ते पोचले उशिरा.

हे वाचताना आपल्या घरातल्या बायका डोळ्यांपुढे येतात. पोट फुगते, जळजळते, जेवण जात नाही. ‘पित्त झालंय’ म्हणून मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी येते, मग दुसरी येते. दुखणे अंगावर काढणे हा आपल्याकडे बाईचा गुण मानला जातो. कुणाला सांगत नाही, दवाखान्यात जात नाही, पण मेडिकलच्या काउंटरवर त्या दुखण्याची खूण राहते. ती खूण वेळेवर वाचता आली तर काही जणींचे आयुष्य वाढू शकेल. ब्रिटनमधला अभ्यास लहान आहे, तो आपल्याला लगेच लागू होईल असे नाही. पण आपल्याकडे तो करूनच पाहू नये, हे म्हणणे मला पटत नाही.

आता पहिला आक्षेप: आपल्याकडे नोंदीच नाहीत, रोखीचा व्यवहार, आठवडे बाजार, बिल कुणी मागत नाही. यात अर्धेच सत्य आहे. बाजारातल्या मेथीच्या जुडीला बिल नसते हे खरे. यूपीआयने पैसे दिले तरी रक्कम नोंदली जाते, वस्तू नाही, हेही खरे. पण रेशन दुकानातले धान्य ई-पॉस यंत्रावर अंगठा लावल्याशिवाय सहसा मिळत नाही, म्हणजे तिथे नोंद आहे. बिस्किटे, फरसाण, शीतपेये बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा माणूस किराणा दुकानात येतो तो मोबाइलवर ऑर्डर घेतो, म्हणजे कोणत्या दुकानात काय खपते ते कंपनीला कळते. आणि औषधांचे तर कायद्यानेच ठरले आहे. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मधल्या औषधांसाठी प्रत्येक मेडिकलवाल्याने वेगळे रजिस्टर ठेवायचे, त्यात डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहायचे आणि ते तीन वर्षे जपायचे असा नियम आहे. या यादीत क्षयरोगाची औषधे आहेत आणि बरीच प्रतिजैविकेही आहेत. नोंद आहे, पण ती तपासणीच्या दिवशी दाखवण्यापुरती उरली आहे. तिच्यातून गावाच्या आरोग्याबद्दल काही शिकायचे असते हे आपण मनावरच घेतले नाही.

आणि ज्यांनी मनावर घेतले त्यांना काय सापडले? २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या संसर्गजन्य रोगांवरील नियतकालिकात एक अभ्यास आला. इम्पीरियल कॉलेजमधले संशोधक निमलन अरिनमिनपथी आणि केंद्राच्या क्षयरोग विभागाचे तेव्हाचे प्रमुख डॉ. सुनील खापर्डे यांच्यासह भारतातले अधिकारी आणि अभ्यासक त्याचे लेखक होते. त्यांनी देशभरातल्या औषधविक्रीचे आकडे घेतले आणि २०१४ मध्ये खासगी दुकानांतून क्षयरोगाची किती औषधे गेली ते मोजले. ती सरकारी यंत्रणेतून गेलेल्या औषधांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की त्या एका वर्षात खासगी क्षेत्रात सुमारे २२ लाख क्षयरुग्णांवर उपचार झाले असावेत. तोवर जे मानले जात होते त्याच्या हा अंदाज दोन ते तीन पट होता. २०१६ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या क्षयरुग्णांचा आपला वार्षिक अंदाज २२ लाखांवरून २८ लाखांवर नेला. सरकारी नोंदवहीत जे लाखो रुग्ण नव्हते, ते मेडिकल दुकानाच्या विक्रीत होते. विक्रीचे आकडे आणि परदेशी विद्यापीठाची पद्धत, दोन्ही एकत्र आल्यामुळे ते दिसले.

दुसरे उदाहरण करोनाकाळातले. भारतातल्या औषधविक्रीवर परदेशी विद्यापीठांतल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत देशात प्रतिजैविकांचे सुमारे २१.६४ कोटी जादा डोस खपले, त्यांत ३.८ कोटी एकट्या अझिथ्रोमायसिनचे, असा त्याचा निष्कर्ष होता. करोना विषाणूचा आजार आहे, प्रतिजैविकांनी विषाणू मरत नाही. तरीही घरोघर ती गोळी गेली. जंतू या औषधांना सरावतात, त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागेल. हे कळायला तरी आपल्याला विक्रीची नोंदच उपयोगी पडली.

या दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट समान आहे आणि माझ्या म्हणण्याचा गाभा तीच आहे. हे आकडे बाजारपेठेची माहिती गोळा करून विकणाऱ्या खासगी कंपन्यांचे होते. त्यांचे नेहमीचे ग्राहक औषध कंपन्या. कोणत्या भागात कोणती गोळी खपते, कुठे विक्री वाढवायची, हे ठरवायला हे आकडे रोज विकत घेतले जातात. तेव्हा ‘माहिती बाहेर जाईल’ ही भीती बाळगणाऱ्यांना मला सांगायचे आहे की खपाची माहिती केव्हाच बाहेर गेली आहे. ती व्यापाराला खुली आहे आणि आरोग्याला जवळजवळ बंद आहे. जी नोंद विकायला चालते ती शिकायला चालत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपण कुणाचे रक्षण करत आहोत याचा विचार करावा.

दुसरा आक्षेप: खरेदी म्हणजे खाणे नव्हे. हा अभ्यासकांचा आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. घरात पाच किलो साखर आली म्हणून कुणी किती खाल्ली ते कळत नाही. सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले खाणारी सून आणि आधी वाढला जाणारा सासरा, दोघांचे बिल एकच असते. आपल्याकडे गहू वर्षाचा भरतात, पापड-कुरडयांचे वाळवण उन्हाळ्यात होते, लग्नसराईत तेलाचे डबे पाहुण्यांसाठी येतात. एका महिन्याच्या बिलावरून घराचा आहार ठरवला तर तो चुकणारच. ब्रिटनमधली पद्धत जशीच्या तशी इथे उचलून आणली तर ती फसेल, हेही मी मान्य करतो.

पण पर्याय काय आहे? घरोघर जाऊन ‘काल काय खाल्ले’ विचारणे. ती पद्धत चांगली आहे, पण तिला मर्यादा आहेत. फोडणीत किती तेल पडले हे कुठल्याही सुगरणीला ग्रॅममध्ये सांगता येणार नाही. महिन्याला तेलाच्या किती पिशव्या घरात आल्या हे मात्र दुकानदाराची वही सांगते. तेल, मीठ आणि साखर या तिन्हींच्या बाबतीत माणसाच्या आठवणीपेक्षा बिल जास्त भरवशाचे आहे. आणि आजच्या आपल्या दुखण्यांची मुळे बरीचशी याच तिघांत आहेत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. सरकारच्या २०२२-२३ च्या कुटुंब खर्च पाहणीत खाद्यपदार्थांमध्ये सगळ्यांत मोठा वाटा पेये आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा निघाला. ग्रामीण भागात तो एकूण खर्चाच्या ९.६२ टक्के, शहरात १०.६४ टक्के. गावसुद्धा आता पाकिटातले खाते. आणि पाकिटातले सगळे दुकानातूनच येते.

तेव्हा बिल हे आहाराच्या पाहणीच्या जोडीला हवे. फिनलंडमध्ये एका मोठ्या सहकारी दुकानसाखळीच्या ४७ हजारांहून जास्त कार्डधारकांनी संमती दिली, तेव्हा संशोधकांनी बिलाबरोबर प्रश्नावलीही भरून घेतली आणि दोन्ही ताडून पाहिले. आपल्याकडे तर याची गरज अधिक आहे. १९७२ पासून ग्रामीण आहाराची मोजणी करणारा राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्यूरो २०१५ मध्ये बंद झाला. घरी जाऊन तराजूवर अन्न मोजणारी माणसे कमी झाली असताना दुकानातली नोंदही वापरायची नाही म्हटले, तर उरतो तो निव्वळ तर्क.

अन्नातून विषबाधा होते तेव्हा तर हे आणखी तीव्रतेने जाणवते. महाशिवरात्रीला, नवरात्रात भगर खाऊन लोक दवाखान्यात दाखल झाल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचतो. नाशिक हे भगरीच्या गिरण्यांचे गाव, त्यामुळे हा विषय आपल्या दारातला आहे. पीठ कुठल्या गिरणीचे, कुठल्या तारखेचे, सुटे होते की पाकिटातले, हे शोधायला बिल नसते आणि तपास अंदाजावर चालतो. अमेरिकेत २००९-१० मध्ये साल्मोनेलाची साथ आली, २७२ जण आजारी पडले. रुग्णांना काय खाल्ले ते नीट आठवत नव्हते. तपास करणाऱ्यांनी रुग्णांच्या परवानगीने त्यांच्या दुकानकार्डांच्या नोंदी पाहिल्या. त्यांत मांसाचा एक विशिष्ट पदार्थ पुन्हा पुन्हा आला आणि शेवटी दोष त्यावर लावलेल्या मिरीपर्यंत जाऊन पोचला. आठवणीने दगा दिला तिथे बिल कामाला आले.

तिसरा आक्षेप परदेशी सहकार्याचा. याच्या मागे खरी जखम आहे आणि ती मी झाकणार नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत एका अमेरिकी संस्थेच्या सहकार्याने मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प चालला. काही मुलींचे मृत्यू झाले आणि २०१० मध्ये तो थांबवावा लागला. सरकारी चौकशी समितीला मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. पण संमती कशी घेतली गेली हे बाहेर आले, तेव्हा मान खाली घालावी लागली. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या वतीने अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले. जे लोक आज ‘परदेशी’ शब्द ऐकताच सावध होतात, त्यांना हे आठवत असते. त्यांना वेड्यात काढणे चूक आहे.

पण या प्रकरणाने शिकवले काय? संमती खरी हवी, ज्याची माहिती त्याचीच सही हवी, देखरेख इथल्या लोकांची हवी. दार कायमचे बंद करा, असे त्यातून निघत नाही. ओझरच्या माणसाला तर हे समजावून सांगण्याचीही गरज नसावी. १९६४ मध्ये सोव्हिएत सहकार्याने इथे मिग विमानांचा कारखाना आला आणि गावाच्या नावाला ‘मिग’ कायमचे चिकटले. परवाना परक्यांचा होता, हात आपले होते, आणि त्या हातांतून पिढ्यान् पिढ्या कारागीर घडले. सहकार्य वाईट की चांगले हे त्याच्या अटींवर ठरते. आरोग्य संशोधनात परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती व्यवस्था आपल्याकडे आहे. ती कडक करावी, हे म्हणणे मला मान्य आहे.

चौथा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने संशोधनाला सवलत दिली, पण त्या माहितीच्या आधारे एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही या अटीवर. अट चांगली आहे, पण मला ती गावासाठी अपुरी वाटते. मुंबईत यादीतून नाव काढले की माणूस गर्दीत हरवतो. दोनशे उंबऱ्यांच्या वाडीत नाव काढून काही होत नाही. इन्सुलिन कुणाच्या घरी जाते, मनाच्या आजाराची गोळी कोण घेते, हे वय आणि वस्ती सांगितली की लोक ओळखतात. आणि किराण्याची उधारीची वही तर घराची अब्रू असते. या महिन्यात डाळ का बंद झाली, तेल अर्ध्या लिटरवर का आले, हे ती वही सांगते. ती परक्याच्या हातात देताना माणूस कचरणारच.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. कुणाचीही नोंद त्याच्या स्पष्ट, मराठीत समजावून घेतलेल्या संमतीशिवाय घेऊ नये, आणि घरातल्या एकाने सगळ्यांसाठी सही करू नये. संमती केव्हाही मागे घेता यावी. मूळ नोंद देशाबाहेर आणि जमल्यास जिल्ह्याबाहेरही जाऊ नये. परदेशी संशोधकाने पद्धत आणावी, गणित इथे करावे आणि एकत्रित आकडेच घेऊन जावे. तालुक्यापेक्षा लहान भागाचा आकडा प्रसिद्ध करू नये. विमा कंपनी, सावकार, नोकरी देणारा यांच्या हाती त्यातले काहीही पडू नये. आणि निष्कर्ष सगळ्यांत आधी, आपल्या भाषेत, ज्या गावाने माहिती दिली त्या गावाच्या ग्रामसभेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगितला जावा. या अटी ज्या परदेशी विद्यापीठाला जड वाटतील, त्याला नकार द्यावा.

हे स्वप्नरंजन आहे असे कुणी म्हणेल. त्याला मी पाण्याकडे बोट दाखवीन. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेपटाला असलेल्या ओझरला पाणी पोचत नव्हते. सरकारी कागदावर ते पोचलेले असे. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी घनमापाने मोजून घ्यायचे, त्याचा हिशेब आपण ठेवायचा, पट्टी आपण वसूल करायची, असे ठरले. २००३ मध्ये सगळ्या वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले आणि २००५ मध्ये राज्याने असा कायदाच केला. बाहेरचे अभ्यासक इथे येऊन ते हिशेब पाहतात आणि शिकून जातात. त्यामुळे ओझरचे पाणी कुणी पळवून नेले नाही. मोजमापाची वही आपल्या हातात होती म्हणून आपले बळ वाढले.

खरेदीच्या नोंदींचे तसेच व्हायला हवे. वही आपली, मोजणी आपल्यासमोर, आणि शिकायला जग आले तर त्याचे स्वागत. नको म्हणून बसलो तर नोंदी थांबणार नाहीत. त्या जमत राहतील, विकल्या जातील, आणि त्यांवर पुढच्या हंगामात आपल्या मुलांना कोणते पाकीट विकायचे ते ठरेल. फक्त आपल्या दवाखान्याला त्यातले काही कळणार नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्ष बागाईतदाराने परदेशी ग्राहकाच्या आरोग्यासाठी वीस वर्षे काटेकोर वही ठेवली आहे. तेवढीच काळजी आता त्याच्या स्वतःच्या घरच्यांना मिळाली पाहिजे. म्हणून विरोध करणाऱ्या माझ्या मित्रांना विनंती आहे: नकाराचा ठराव बाजूला ठेवा आणि अटींचा मसुदा लिहायला बसा.